काकांच्या ट्रंकेत सापडलेली दोन भिंगं आणि दोन सारखेच फोटो, हे नक्की काय आहे?

निनाद_गिरगाव

नमस्कार मंडळी. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्यात, त्यामुळे गेले तीन रविवार पोटमाळ्यावरचं सामान उतरवणं चालू आहे. आईचं म्हणणं सगळं भंगारवाल्याला देऊन टाक, पण मोठ्या काकांची काळी लोखंडी ट्रंक निघाली आणि माझं काम तिथंच थांबलं. वर पांढऱ्या रंगात नाव आणि सर्व्हिस नंबर, आत युनिफॉर्मचा बेल्ट, दोन स्वेटर, रेल्वेची जुनी टाइमटेबलं आणि तळाशी खाकी कॅनव्हासचं एक पाकीट. त्यात चष्म्यासारखी एक वस्तू आहे पण कानावर लावायच्या काड्या नाहीत, त्याऐवजी घडी होणारे बारीक पत्र्याचे पाय, टेबलावर उभी केली की कागदापासून चार बोटं उंच राहते. भिंगं दोन, त्यांच्यातलं अंतर सरकवून कमीजास्त करता येतं.

सोबत दोन फोटो, ब्लॅक अँड व्हाइट, नऊ इंची चौकोनी, जाड कागदावर. विमानातून सरळ खाली बघून काढलेले. नदीचं वळण, रेल्वेचा पूल, शेतं, एक गाव. आधी वाटलं एकाच फोटोच्या दोन कॉप्या आहेत, मग लक्षात आलं की दुसरा थोडा सरकलेला आहे. काही ठिकाणी लाल मेणचट पेन्सिलीने गोल केलेत, गोलांच्या आत लंबगोल ठिपके. कडेला पांढऱ्या अक्षरात आकडे आहेत आणि एक चिमुकलं घड्याळ पण छापून आलंय.

काका ६३ साली एअरफोर्समध्ये भरती झाले, ७८ ला सार्जंट म्हणून सुटले, बरीच वर्षं आग्र्याला होते. लग्न केलं नाही, परत येऊन आमच्यातच राहिले, तीन वर्षांपूर्वी गेले. आम्हाला एवढंच माहिती की ते 'फोटो सेक्शनला' होते. विमान उडवत नव्हते म्हणून लहानपणी आम्हा पोरांचा हिरमोड व्हायचा आणि चाळीत कोणाची मुंज असली की लोक त्यांच्या हातात कॅमेरा द्यायचे, तुम्ही काय बाबा एअरफोर्सचे फोटोग्राफर. ते पण बिचारे काढून द्यायचे.

तर ही वस्तू काय आहे, हे फोटो पाकिस्तानचे असतील का आणि मुख्य म्हणजे घरात ठेवले तर काही लफडं होईल का? इथे फोटो टाकू का?

नुसताच_वाचक

थ्रीडी पिक्चरचा चष्मा आहे तो भाऊ, लाल-निळी काच पडली असेल 😄

भूगोलाच्या_बाई

वाचकराव, चेष्टेत का होईना पण बरोबर बोललात. निनाद, तो पॉकेट स्टिरिओस्कोप आहे. मी मुंबईतल्या एका कॉलेजात एकवीस वर्षं भूगोल शिकवला, आमच्या प्रॅक्टिकलला हवाई छायाचित्रांचं वाचन असायचं आणि कपाटात अशा आठ स्टिरिओस्कोपपैकी तीनच धड असायचे, त्यावर चाळीस मुलं.

आपले दोन डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावरून एकच वस्तू दोन कोनांतून बघतात, त्यावरून मेंदू खोली ठरवतो. विमानातला कॅमेरा एक फोटो काढतो, थोडं पुढे जाऊन दुसरा काढतो, आणि दोन्हींत जमिनीचा साधारण ६० टक्के भाग सामाईक येईल असं टायमिंग ठेवलेलं असतं. म्हणजे समजा एका राक्षसाचे डोळे आकाशात दोन-अडीच किलोमीटर अंतरावर आहेत. आता डावा फोटो डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला दाखवला की जमीन उठून उभी राहते. झाडं, बांध, टेकाड, सगळं खऱ्यापेक्षा तीनचार पट उंच दिसतं आणि त्याचाच फायदा असतो, कारण वरून सपाट वाटणारा मातीचा ढीग आणि खड्डा यातला फरक लगेच कळतो. युद्धात नेमका तोच हवा असतो ना, खंदक आहे की बांध, तोफेची जागा आहे की गुरांचा गोठा.

करून बघा. दोन्ही फोटोंत पुलाचं एकच टोक शोधा, ती दोन टोकं सहाएक सेंटिमीटर अंतरावर येतील असे फोटो ठेवा. एक दुसऱ्यावर चढेल, वरच्याची कड हाताने जरा उचलून धरा. भिंगांतून बघत राहा, आधी दोन दोन पूल दिसतील, मग ते हळूहळू सरकत एकमेकांत शिरतील. घाई करू नका, माझ्या वर्गातल्या काही मुलांना दोन तास लागायचे.

आणि हो, फोटो इथे टाकू नका. त्याबद्दल जाणकार सांगतीलच.

कल्याणचा_एक्स_एअरमन

बाईंनी सुरेख सांगितलं. मी फोटोवाला नव्हतो, इंजिनवर होतो, पण फोटो सेक्शनवाल्यांची बॅरेक शेजारीच होती, त्यांच्या अंगाला कायम हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा वास.

निनाद, घाबरू नका, पण टाकू पण नका. पन्नास वर्षं झाली म्हणून शिक्का आपोआप उतरत नाही, ऑफिशिअल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे आणि अजून चालू आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सांगा की वडीलधाऱ्यांच्या सामानात हे मिळालं, ते पुढचा रस्ता दाखवतील. स्टिरिओस्कोप मात्र तुमचाच, तो बाजारातही मिळायचा.

आता काकांच्या कामाबद्दल. आग्रा म्हणजे १०६ स्क्वाड्रन, कॅनबेरा विमानं, तीही फोटो काढायची, म्हणजे बॉम्बच्या जागी कॅमेरे आणि जास्तीचं इंधन. या कामात एक पायलट, एक नॅव्हिगेटर, हत्यार काही नाही. जगमोहन नाथ याच स्क्वाड्रनचे. १९६० ते ६२ अक्साई चीन आणि तिबेटवर एकट्या विमानाने जाऊन चिन्यांची जमवाजमव टिपून आणली, ६२ ला महावीर चक्र, ६५ ला पाकिस्तानवरच्या फेऱ्यांसाठी परत महावीर चक्र, हवाई दलात दोनदा मिळवणारे पहिलेच. ६२ च्या फोटोंत सगळं दिसत असून वर कोणी मनावर घेतलं नाही, हे त्यांनी नंतर मुलाखतींमध्ये उघड बोलून दाखवलं. आणि सगळे परत यायचेच असं नाही, १९५९ च्या एप्रिलमध्ये याच स्क्वाड्रनची एक कॅनबेरा रावळपिंडीजवळ सेबर विमानाने पाडली होती, दोघे उड्या मारून वाचले आणि पकडले गेले, नंतर परत आले.

पण विमान उतरलं की त्याचं नाव होतं आणि मग ज्यांचं काम सुरू होतं त्यांचं नाव कुठेच नसतं. मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याची फिल्मची पेटी उतरवायची, अंधाऱ्या खोलीत कित्येक फुटांची फिल्म धुवायची, वाळवायची, प्रत्येक फ्रेमला नंबर घालायचा, प्रिंट काढायच्या, मग टेबलावर बसून असल्या भिंगातून एकेक चौकोन वाचायचा. एक ओरखडा पडला तर ती फ्रेम गेली, आणि ती परत काढायला कोणालातरी परत तिथं जावं लागणार. मुंजीत कॅमेरा हातात देताना लोकांना हे कुठं माहिती असायला.

तुमचे फोटो पाकिस्तानचे आहेत का, ते कडेचे आकडे सांगितलेत तर बघतो. गावाचं नाव किंवा तारीख असेल तर ती नका लिहू.

निनाद_गिरगाव

बाई, तुम्ही म्हणालात तसं केलं. काल रात्री बारा वाजता, आई झोपल्यावर, ओट्यावर टेबललॅम्प लावून. वीस मिनिटं काही नाही, नुसते डोळे दुखले. मग एकदम काहीतरी टक्क झाल्यासारखं झालं आणि सगळं उठून आलं!! अंगावर काटाच आला. पण एक गडबड आहे. नदी वर आली. म्हणजे नदी एखाद्या उंच भिंतीसारखी उभी आणि गाव खड्ड्यात. असं कसं?

एक्स एअरमन काका, कडेला ६ इंच आणि १५००० असं लिहिलंय. घड्याळात दोन फोटोंमधे १८ सेकंदांचा फरक आहे. बाकी आकडे फ्रेम नंबर वाटतात.

भूगोलाच्या_बाई

हाहा, सगळ्यांची पहिली नदी डोंगरावरूनच वाहते. डाव्याचा फोटो उजवीकडे ठेवलात, अदलाबदल करा.

आणि अजून एक, दोन्ही फोटो एकत्रच फिरवून असे धरा की झाडांच्या सावल्या तुमच्याकडे पडतील. आपल्या डोळ्याला उजेड समोरून, वरून येण्याची सवय आहे, सावली उलट्या दिशेला गेली की मेंदू खड्ड्याचा उंचवटा करतो. ही युक्ती नुसत्या एका फोटोलाही लागू पडते, मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा बघताना कधी सह्याद्रीतल्या दऱ्या फुगलेल्या दिसल्या तर फोन उलटा धरून बघा.

बाकी वाचनाचे नियम मुलांकडून घोकून घ्यायचे मी. आकार, आकारमान, छटा, पोत, सावली, मांडणी आणि साहचर्य. साहचर्य म्हणजे कशाच्या शेजारी काय आहे. १९६२ ला क्यूबात अमेरिकन विमानाने काढलेल्या फोटोंत क्षेपणास्त्रांचे तळ ओळखले गेले ते बरंचसं मांडणीवरून, सोव्हिएत लोक विमानविरोधी क्षेपणास्त्रं षटकोनी ताऱ्यासारखी ठराविक पद्धतीने मांडायचे आणि ती नक्षी वाचणाऱ्यांना पाठ होती. लष्कराला शिस्त असते आणि वरून बघणाऱ्याला शिस्तच दिसते.

इतिहासवेडा_ठाणे

वा, धागा वर आला पाहिजे हा. मी थोडं दुसऱ्या महायुद्धाचं लिहितो, लांबण लागली तर माफ करा.

इंग्लंडात मेडमेनहॅम नावाच्या गावाजवळ डेन्सफिल्ड हाउस म्हणून एक वाडा आहे, युद्धात तिथं रॉयल एअर फोर्सचं फोटो वाचायचं मुख्य केंद्र होतं. स्पिटफायर विमानातल्या बंदुका काढून तिथं इंधन आणि कॅमेरे बसवायचे, आकाशात मिसळून जाईल असा फिका रंग द्यायचा, आणि एकट्या पायलटला जर्मनीवर पाठवायचं. तो परत आला की रोल या वाड्यात. वाचणाऱ्यांमध्ये बायका भरपूर होत्या, त्यातली कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ विमानांची तज्ज्ञ. तिला १९४३ मध्ये सांगितलं गेलं की पेनेम्युंडे या जर्मन अस्त्रचाचणी तळाच्या फोटोंत एखादं फार छोटं, बिनपायलटचं विमान दिसतंय का बघ. तिने जुने फोटो परत काढले आणि एका शेडच्या शेजारी जेमतेम वीस फूट पंखांचा, फोटोवर ठिपक्याएवढा एक क्रूस सापडला. पुढे २८ नोव्हेंबर १९४३ च्या फोटोंत तसलाच एक ठिपका उतारावरच्या रॅम्पवर चढवलेला दिसला. ते व्ही-१, उडता बॉम्ब. मला यातली भारी गोष्ट वाटते ती ही की पहिला ठिपका असलेला फोटो आधीपासून कपाटात होता, चांगल्या नजरा त्यावरून फिरून गेल्या होत्या. कोणी विचारलं नव्हतं म्हणून दिसला नव्हता.

याचीच काळी बाजू म्हणजे आउशवित्झ. १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तिथल्या इंधन-रबराच्या कारखान्याचे फोटो काढले, फ्रेम चालू राहिली आणि शेजारची छळछावणीही त्यात आली, रांगेत उभी माणसं सुद्धा. वाचणाऱ्यांना कारखान्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी कारखाना वाचला. १९७८ च्या सुमारास सीआयएच्या दोघा विश्लेषकांनी ते जुने रोल परत बघितले तेव्हा कळलं की आपल्याकडे काय पडून होतं.

आणि पायवाटा! बाईंच्या साहचर्याला जोडून. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रूनव्हाल इथं एका बंगल्यापासून निघणारी पायवाट कड्याजवळ एका ठिपक्यापाशी जाऊन संपत होती. तिथं रोज माणसं जातात म्हणजे काहीतरी आहे. टोनी हिल नावाच्या पायलटने खाली जाऊन तिरपा फोटो काढला, निघालं जर्मन रडार, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये पॅराट्रूपर उतरवून त्याचे भाग खोलून इंग्लंडला नेले. तोफ जाळीखाली झाकता येते हो, पण जेवायला जाणाऱ्या सैनिकाची पायवाट कशी झाकणार.

सह्याद्रीचा_मावळा

हे सगळं गोऱ्यांचं कौतुक चाललंय, आपले बहिर्जी नाईक विसरलात का? सुरत लुटायच्या आधी अख्ख्या शहराची खबर आणली होती, विमान ना भिंग ना काही. गडाच्या माचीवरून घोडदळाची धूळ बघून किती स्वार ते सांगणारी माणसं होती आपल्याकडे.

इतिहासवेडा_ठाणे

मावळे, विसरलो नाही, मुजराच आहे. फक्त निनादच्या ट्रंकेत बहिर्जींचं काही निघालं नाही म्हणून लिहिलं नाही 🙏

ठाकुरद्वारची_आजी

मुलांनो, मला हे तांत्रिक समजत नाही, नातू टाइप करून देतोय. पण ७१ च्या डिसेंबरात आम्ही चाळीत खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवले होते, खळ घरी शिजवली होती. गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. भोंगा वाजला की आमच्या चाळीचा एक पोऱ्या खाली अंगणात फिरत ओरडायचा, "दुसऱ्या मजल्यावर कोण आहे, दिवा घालवा!" माझ्या सासूबाई देवाजवळची समई विझवायला तयार नव्हत्या, शेवटी समईभोवती पितळी परात उभी केली. परवा २०२५ च्या मे महिन्यात मॉक ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हा मला एकदम त्या खळीचा वास आला. एक विचारायचंय, एवढा अंधार करून उपयोग व्हायचा का? वरून फोटो निघायचेच ना?

कल्याणचा_एक्स_एअरमन

आजी नमस्कार. अंधार बॉम्ब टाकणाऱ्यासाठी होता, फोटोवाल्यासाठी नाही. फोटोवाला स्वच्छ उन्हात येतो, शक्यतो सकाळी किंवा दुपार उतरताना, सावल्या लांब पडतात तेव्हा. आणि मुंबई लपवणं तसंही कठीण, चांदण्या रात्री पाणी चकाकतं आणि बॅकबेचा तो विळा पायलटला आयता दिसतो. पण रात्री अमुक एक गोदी किंवा तेलाची टाकी नेमकी हुडकायची तर दिव्यांचा आधार लागायचाच, तो काढून घ्यायचा. तुमच्या सासूबाईंची समई मात्र मला फार आवडली.

७१ चं निघालंच आहे तर आपल्याकडचं एक. एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं, ज्यांतून साहेब लोक लंडनला जायचे, ती नंतर हवाई दलाकडे आली आणि पुण्याला लोहगाववरून ६ नंबर स्क्वाड्रन त्यातली काही अरबी समुद्रावर टेहळणीला पाठवायची. पुढे ७६ ला ती नौदलाला दिली. प्रवासी विमान, हळू, मोठं, पण तासन् तास हवेत राहायचं आणि समुद्रावर नजर ठेवायला तेच लागतं.

आणि सगळीच माहिती फोटोतून येते असंही नाही. १४ डिसेंबर ७१, ढाका. आपल्या लोकांनी वायरलेसवरचा संदेश पकडला की दुपारी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरची मोठी बैठक आहे. गुवाहाटीला २८ स्क्वाड्रनचे बिश्नोई मिगमध्ये बसायच्या बेतात आणि हातात काय, तर ढाक्याचा टुरिस्ट मॅप! आधी टार्गेट सर्किट हाउस सांगितलं होतं, निघता निघता निरोप आला की नाही, गव्हर्नमेंट हाउस. त्या मॅपवर बघत जाऊन रॉकेटं मारली. गव्हर्नर मलिक यांनी तिथल्याच बंकरमध्ये बसून राजीनामा लिहिला. दहा वर्षं फोटो काढा, ऐन वेळी पर्यटकांचा नकाशा कामाला येतो, असंही होतं.

सरळ_मुद्दा

सगळं ऐकायला छान आहे पण थोडं जमिनीवर या. आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, एआय आहे, ही भिंगं म्युझियममध्ये. आणि एवढं करून कारगिलला काय झालं? शेवटी एका मेंढपाळाने सांगितलं ना?

कल्याणचा_एक्स_एअरमन

मेंढपाळाचं खरं आहे. ताशी नामग्याल, आपला हरवलेला याक शोधत होते, ३ मे १९९९ ला बटालिकच्या डोंगरावर परकी माणसं दिसली, लगेच जाऊन सांगितलं. हिवाळ्यात हेलिकॉप्टरने टेहळणी होत होती, त्यात घुसखोर दिसले नव्हते, हे कारगिल रिव्ह्यू कमिटीनेच लिहून ठेवलंय. लाजेची गोष्ट आहे, नाकारत नाही. पण पुढचंही बघा, २१ मे ला १०६ चीच एक कॅनबेरा तिथं फोटो काढायला गेली, खांद्यावरून मारायचं क्षेपणास्त्र उजव्या इंजिनला लागलं, पायलटने एका इंजिनावर विमान श्रीनगरला आणून उतरवलं. साठ सालची विद्या ९९ साली चालूच होती, कारण तेव्हा आपला बारीक बघणारा उपग्रह नव्हता. एक मीटरच्या आसपास बघणारा टीईएस ऑक्टोबर २००१ ला गेला, आणि ढगातून, रात्री बघणारा रडारवाला रिसॅट-२ तर २६/११ नंतर, एप्रिल २००९ ला. कॅनबेरा निवृत्त झाली मे २००७ ला.

भूगोलाच्या_बाई

सरळमुद्दा, उपग्रहालाही फसवता येतं. १९९५ च्या डिसेंबरात पोखरणची तयारी अमेरिकन उपग्रहांनी पकडली आणि चाचणी राहिली. ९८ ला आपली माणसं रात्री काम करायची आणि उजाडायच्या आत यंत्रं होती तिथं परत नेऊन ठेवायची, खणलेली वाळू वारा जसा ढीग करेल तसाच ढीग करून. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात. अणुसाहित्य तर आपल्याच ट्रॉम्ब्याहून, भाभा केंद्रातून पहाटे ट्रकने सांताक्रूझ विमानतळावर आणि तिथून एएन-३२ ने जैसलमेरला गेलं, मुंबई झोपेत होती. बघणारा काय शोधतो हे माहिती असलेल्याने ते लपवलं. मशीनला पण कोणीतरी आधी सांगावंच लागतं की हा ढीग आणि तो ढीग यात बघायचं काय.

आणि भिंग म्युझियमात गेलं तरी विद्या नाही जात. महायुद्धात खोटी हिरवळ पकडायला इन्फ्रारेड फिल्म काढली, जिवंत पान त्यात लाल येतं आणि तोडलेल्या फांद्या किंवा रंगवलेली जाळी निळसर. आज त्याच तत्त्वावर उपग्रहातून पिकांची तब्येत बघतात.

निनाद, नदी खाली गेली का?

निनाद_गिरगाव

गेली!! आणि आता काय दिसतंय म्हणून सांगू. पूल खरोखर हवेत उभा आहे, नदीच्या काठाला दोन पायऱ्या आहेत, शेतांचे बांध सुद्धा दिसतात. आईला उठवून दाखवलं, ती आधी वैतागली, मग दहा मिनिटं उठेचना.

ते लाल गोल केलेले लंबगोल ठिपके मात्र कळत नाहीत. तीन मिलिमीटर लांब, कडा उंच, मधे पण थोडं उंच, भोवती जमीन खरवडलेली, आणि काहींच्या बाजूला पांढरट शेपूट. सगळी शेपटं एकाच दिशेला. मला तर क्षेपणास्त्रांच्या जागाच वाटल्या. आणि पुलावर एक आगगाडी आहे, दुसऱ्या फोटोत ती पुढे गेलीये.

कल्याणचा_एक्स_एअरमन

थांबा थांबा, आगगाडी आहे? मग मजाच आली. पट्टी घ्या आणि दोन गोष्टी मोजून सांगा, एक म्हणजे पुलाच्या टोकापासून इंजिन एका फोटोत किती आणि दुसऱ्यात किती, आणि दुसरं, पुलाचं तेच टोक फोटोच्या कडेपासून दोन्हींत किती सरकलंय.

निनाद_गिरगाव

इंजिन ८ मिमी पुढे गेलंय. पुलाचं टोक ९० मिमी सरकलंय.

कल्याणचा_एक्स_एअरमन

आता बघा हं. लेन्स ६ इंच म्हणजे अर्धा फूट, उंची १५००० फूट. अर्धा भागिले पंधरा हजार, स्केल १:३०,०००. फोटोवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ३० मीटर. गाडी ८ मिमी, म्हणजे २४० मीटर गेली, १८ सेकंदांत. ताशी ४८ किलोमीटर. पॅसेंजर किंवा मालगाडी, मेल नव्हे. युद्धात असंच मोजतात, गाडी किती वेगाने, डबे किती, उघडे किती, मग काय वाहून नेतायत त्याचा अंदाज.

आता विमान. ९० मिमी म्हणजे २७०० मीटर, तेही १८ सेकंदांत. सेकंदाला १५० मीटर, ताशी ५४० किलोमीटर. फोटो सर्व्हेला आपल्याकडे डाकोटा हे जुनं पंख्याचं विमानही जायचं पण ते बिचारं याच्या निम्म्याने सुद्धा जेमतेम उडायचं. १५ हजार फुटांवर ५४० म्हणजे जेट. निनाद, हा फोटो कॅनबेराने काढलाय. तुमच्या काकांच्याच.

पाकिस्तानचा मात्र नसावा. शत्रूवर जाताना उंचावरून, लांब लेन्सने, ३६ इंची वगैरे, बारीक तुकडा काढतात. ६ इंची लेन्सने सात किलोमीटरचा चौकोन आणि कडेला घड्याळ, ही आपल्याच मुलखावरची सरावाची फेरी दिसते. शिकाऊ लोकांना असले संच द्यायचे.

भूगोलाच्या_बाई

आणि ते ठिपके वीटभट्ट्या आहेत. तीन मिमी म्हणजे नव्वद मीटर, लंबगोल, भोवती माती काढलेली जमीन, नदीकाठ, जवळ रेल्वे, एका दिशेला धूर. उत्तरेकडच्या भट्ट्या अशाच लांबुळक्या असतात. नवख्याला हमखास तोफांचे मोर्चे वाटतात म्हणूनच सरावाला दिल्या असणार.

सरळ_मुद्दा

बरं बाबा, भिंगं म्युझियममध्ये नको. हिशोब आवडला.

निनाद_गिरगाव

मंडळी, काय बोलू. सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलो, साहेब चांगले होते, अर्ज लिहून घेतलाय, फोटो पुढच्या आठवड्यात नेऊन द्यायचेत.

काकांची एक खोड आठवली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चौपाटीचे फोटो आले की चहा पिताना म्हणायचे, हा संध्याकाळचा नाही, सकाळचा आहे, सावल्या समुद्राकडे पडल्यात बघ. आम्ही म्हणायचो काका तुम्हाला काय करायचंय. तेही परत चहा प्यायला लागायचे.

काल फोटो पाकिटात घालताना उलटे केले तर एकाच्या मागे शिसपेन्सिलीने, फिकट झालंय पण त्यांचंच अक्षर, "भट्ट्या ११, चालू ४". लाल गोल दहाच आहेत. धूरवाल्या चार मला सापडल्या. भट्ट्या मात्र दोन रात्री बसून दहाच होतायत, आईने पण मोजल्या, तिच्याही दहाच. बाई, एखादी भट्टी बंद पडून वर गवत उगवलं असेल तर ती कशी दिसेल? बुधवारपर्यंत फोटो माझ्याकडे आहेत.